परीक्षेची तारीख आणि काट्यावरची पाळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. हंगामी कायम, म्हणजे काम गाळप हंगामापुरते, पण दर हंगामाला ठरलेले. वय ३६. दोन वर्षांपूर्वी दूरशिक्षणातून एम.ए. अर्थशास्त्राला प्रवेश घेतला. कारखान्याचे आणि विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. नोकरी सांभाळून शिकणारे माझ्या ओळखीचे बरेच जण आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी शिकतात, आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच आहे. परीक्षेची तारीख आम्हाला वेळेवर कळत नाही, आणि कळली तरी ती टिकेल याचा भरवसा नसतो.

ज्याने पाळीची नोकरी केलेली नाही त्याला ही बाब किरकोळ वाटेल. म्हणून आधी पाळीचे सांगतो. हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो. पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार अशा तीन पाळ्या. काट्यावर आम्ही तिघे. दर आठवड्याला पाळी फिरते. परीक्षेची वेळ सकाळी अकरा ते दोन. म्हणजे चारची पाळी असली तरी पेपर बुडतो, बाराची असली तरी बुडतो. फक्त आठची, म्हणजे रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात पेपर देता येतो. पहाटे चारला सुटायचे, दोन-अडीच तास पडायचे, सातची एसटी धरून तालुक्याच्या गावाला परीक्षाकेंद्रावर जायचे. तीन आठवड्यांत एक आठवडा असा मिळतो. परीक्षा कोणत्या आठवड्यात आहे हे महिनाभर आधी कळले, तर टाइम ऑफिसात सांगून पाळ्यांचे चक्र तसे लावून घेता येते. त्यात कुणाची मेहेरबानी नाही, कुणाला जास्तीचे काम नाही, कारखान्याचे एक मिनिट वाया जात नाही. सगळे अडते ते तारखेपाशी.

मागच्या हिवाळी परीक्षेचे वेळापत्रक परीक्षेच्या सहा दिवस आधी संकेतस्थळावर आले. पहिला पेपर सोमवारी, आणि त्या आठवड्यात माझी पाळी बाराची. काट्यावरचे आमचे आबा चोपन्न वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी त्यांना बेजार केले आहे. त्यांची रात्रपाळी होती. ते म्हणाले, "तू माझी घे, मी तुझी घेतो. शिकतोयस तर शीक." सोमवारचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर दिला, बुधवारचा सार्वजनिक आयव्ययाचा दिला. शुक्रवारी सांख्यिकीचा होता. गणिताशी माझा संबंध बारावीनंतर तुटलेला, त्यामुळे याच पेपरासाठी मी सगळ्यात जास्त खपलो होतो. गुरुवारी रात्री साडेअकराच्या सुमारास मोबाइल वाजला. काट्यावर ट्रॅक्टर उभा होता. त्याचे वजन घेतले, पावती दिली, गाडी पुढे गेल्यावर मोबाइल पाहिला. उद्याचा पेपर अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात आला आहे, सुधारित तारीख यथावकाश कळविण्यात येईल.

ती सुधारित तारीख सतराव्या दिवशीची निघाली, आणि कळली दोन दिवस आधी. त्या आठवड्यात मला चारची पाळी. आबांच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यांची रजा महिन्याभरापूर्वीच मंजूर झालेली. त्यांच्या जागी कारखान्याच्याच शेती खात्यातला एक माणूस तात्पुरता दिलेला, त्याला काट्यावर एकटे बसवता येत नव्हते. उरला आमच्यातला धाकटा. तो रात्री आठला येऊन पहाटे चारपर्यंत बसलेला. मी पहाटे काट्यावर पोहोचलो तेव्हा त्याने आपणहून म्हटले, "दादा, तुम्ही जावा, मी थांबतो बारापर्यंत." त्याचे डोळे लाल झाले होते. खिडकीच्या काचेला डोके टेकवून तो बोलत होता. बाहेर सोळा-सतरा वाहनांची रांग. सोळा तास जागा असलेला माणूस काट्यावर बसला आणि एखाद्या गाडीचा आकडा चुकला, तर ते नुकसान शेतकऱ्याचे. काट्यावर बसणाऱ्याकडे आधीच सगळे गाव संशयाने बघते. मी त्याला घरी पाठवले आणि खुर्चीवर बसलो. अकरा वाजले तेव्हा एका बैलगाडीचे रिकामे वजन घेत होतो. पेपर सुरू झाला असेल, एवढे मनात आले.

निकालपत्रावर त्या विषयापुढे 'एबी' अशी दोन अक्षरे आली. म्हणजे गैरहजर. तो पेपर आता पुन्हा हिवाळी परीक्षेतच देता येईल. पदवी एक वर्ष लांबली.

काट्यावर काम करताना एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. तोडलेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही तर वाळतो, वजन घटते, उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घटतो. गाडीतळावर दोन दिवस नंबर लागला नाही की शेतकरी आमच्या खिडकीशी येऊन पोटतिडकीने बोलतो ते त्यासाठी. अभ्यासाचेही तसेच होते. नोकरी करणारा माणूस वर्षभर सलग अभ्यास करू शकत नाही. तो परीक्षेच्या आधीचे तीन-चार आठवडे झोप मोडून वाचतो, तारखेपर्यंत सगळे तयार ठेवतो. तारीख सतरा दिवस पुढे गेली की त्यातले निम्मे गळून जाते, कारण मधल्या सतरा दिवसांत त्याला परत पूर्ण वेळ नोकरीच करायची असते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला पेपर पुढे गेल्यावर अभ्यासाला जास्त दिवस मिळतात. आमच्या हातचे आहेत तेवढेही दिवस जातात.

माझा अभ्यास कसा होतो ते थोडे सांगतो. काट्यावर गाडी असताना पुस्तक उघडायचे नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. पहाटे तीननंतर गाड्यांची वर्दळ जरा कमी होते. तेव्हा दोन गाड्यांच्या मध्ये जो वेळ मिळेल त्यात वाचतो. छापताना खराब झालेल्या काटापावत्या टाकून न देता त्यांच्या कोऱ्या बाजूवर व्याख्या, सूत्रे, आकृत्या लिहून ठेवतो आणि शर्टाच्या खिशात बाळगतो. मागणीची लवचिकता, उदासीनता वक्र, गुणक असे एकेका पावतीवर एकेक. घरी मुलगी चौथीत आहे. तिने त्या पावत्यांचा गठ्ठा रबर लावून नीट ठेवला आहे, आणि कोणती पावती बाबांची पाठ झाली याची खूण ती करते. सांख्यिकीच्या पावत्यांवर तिने सगळ्यांवर खुणा केल्या होत्या.

एम.ए. कशाला करतोस, असे मला कारखान्यात बरेच जण विचारतात. बढतीसाठी, हे खरे उत्तर आहे. ऑफिसात जागा निघाली तर पदव्युत्तर शिक्षणाचा उपयोग होईल. पण तेवढेच नाही. चौदा हंगाम मी उसाची वजने लिहितो आहे, आणि त्या आकड्यांचे पुढे काय होते हे मला कळत नव्हते. अभ्यासक्रमात सहकाराचे प्रकरण आले. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून शेतीच्या प्रश्नांचा अभ्यास करणारा माणूस नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, हे मी रात्री काट्याच्या केबिनमध्ये वाचले. बाहेर गव्हाणीचा आवाज चालू होता, मळीचा वास येत होता. आपण ज्या जागी बसलो आहोत तिला काही इतिहास आहे, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळले. तेव्हापासून मी हे शिक्षण सोडायचे नाही असे ठरवले आहे.

अभ्यासकेंद्रावरचे आमचे शिक्षक चांगले आहेत, हेही लिहिले पाहिजे. रविवारच्या संपर्क सत्राला मला बहुतेक वेळा जाता येत नाही. तिथले एक सर रात्री आठनंतर फोनवर शंका समजावून सांगतात. त्यांनी मला प्रमाण विचलन शिकवले ते काट्यावरच्या वजनांवरून. एकाच प्रकारच्या वीस ट्रॉल्यांची वजने लिहून आण म्हणाले, सरासरी काढायला लावली, मग प्रत्येक ट्रॉली सरासरीपासून किती लांब आहे ते मांडायला लावले. अर्ध्या तासात डोक्यात बसले. अशा माणसांच्या कष्टावरही वेळापत्रकाने पाणी पडते.

आमच्या केंद्रावर ज्यांच्याशी ओळख झाली त्यांत एक एसटीचे वाहक आहेत, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहेत, बार्शीच्या कापड दुकानात हिशेब बघणारी एक मुलगी आहे, आणि एका खासगी दवाखान्यातल्या परिचारिका ताई आहेत. ताईंचे मूल दीड वर्षाचे आहे. पेपर असला की त्यांच्या सासूबाई नातवाला घेऊन केंद्राच्या आवारातल्या कडुलिंबाखाली तीन तास बसतात. सोबत दुधाची बाटली, चटई, खुळखुळा. पेपर पुढे ढकलला गेला त्या सकाळी त्या दोघी बाळासह केंद्रावर येऊन परत गेल्या. ताईंची रात्रपाळी होती आणि दवाखान्यात मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे निरोप त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या दिवसाची रजा त्यांच्या खात्यातून गेली ती गेली.

रजेचा हिशेब साधा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला आठ नैमित्तिक रजा असतात. दुकाने आणि आस्थापनांत काम करणाऱ्यांनाही महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्याने आठच, आणि त्या दर तिमाहीला दोन अशा खात्यात जमा होतात. आमच्या अभ्यासक्रमाला सत्राला चार लेखी पेपर, वर्षाला दोन सत्रे. आठ पेपर, आठ रजा. कापड दुकानातली ती मुलगी आठही रजा परीक्षेत घालते आणि वर्षभर आजारी पडत नाही, म्हणजे ताप असला तरी कामावर जाते. एक पेपर पुढे ढकलला की तिला नववी रजा लागते, आणि ती नसतेच. तो दिवस बिनपगारी जातो.

कायद्यात काहीच नाही असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत लावावा, असे आहे. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला परीक्षांचे वेळापत्रक जाहीर करावे, असेही त्यात आहे. दिवस आणि वेळ कळेल असे वेळापत्रक. ते पाळले तर माझ्या पत्राची गरज राहणार नाही. आमच्या धंद्यात १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. ते प्रत्येक वेळी पाळले जाते असे मी म्हणणार नाही. पण चौदा दिवस हा आकडा गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे, म्हणून त्याला पंधराव्या दिवशी कारखान्याच्या दारात उभे राहून विचारता येते. परीक्षेच्या तारखेबद्दल आम्ही विचारायचे कुठे, हे आम्हाला माहीत नाही. हेल्पलाइनवर फोन केला तर संकेतस्थळ बघत राहा असे सांगतात.

शिकणाऱ्याच्या कामाची वेळ पाहून शिक्षणाची वेळ ठरवायची, ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण ती माणसे दिवसा मोकळी नसत. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणून दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता आले. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले ते १९८९ मध्ये. या सगळ्यांनी आधी घड्याळ पाहिले ते विद्यार्थ्याचे. आज पाठ्यपुस्तके मोबाइलवर येतात, व्याख्याने ध्वनिचित्रफितीत मिळतात, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे असे स्पष्टही केले. मग पदवी बरोबरीची असताना विद्यार्थ्याचा वेळ तेवढा बिनमोलाचा का धरायचा?

इग्नूसारख्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या, संस्थेच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात हे देशभर सगळ्यांना ठाऊक असते, आणि तात्पुरते वेळापत्रक आधी निघते. आमच्या कारखान्यातला एक फिटर तिथे बी.कॉम. करतो. ऑक्टोबरमध्येच त्याने टाइम ऑफिसात डिसेंबरच्या तारखा लिहून दिल्या होत्या. त्याला कुणाच्या पाया पडावे लागले नाही.

तेव्हा विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना आणि उच्च शिक्षण खात्याला माझी विनंती आहे. दूरशिक्षणाच्या परीक्षा कोणत्या दोन आठवड्यांत होणार ते प्रवेशाच्या वेळीच सांगा. पेपरवार तारखा किमान पंचेचाळीस दिवस आधी द्या. काही कारणाने पेपर पुढे ढकलावा लागला, तर त्याच परिपत्रकात नवी तारीख घाला, आणि ती निदान तीन आठवडे पुढची ठेवा, कारण आमच्यासारख्यांच्या पाळीचे चक्र तीन आठवड्यांचे असते. निरोप फक्त संकेतस्थळावर टाकू नका, लघुसंदेशाने आदल्या दिवशी दुपारपर्यंत पाठवा. ज्याला खरोखर कामामुळे पेपर देता आला नाही त्याने मालकाचे पत्र आणले तर त्याला वर्षभर थांबायला न लावता पुढच्याच सत्रात तो पेपर देऊ द्या. रविवारी पेपर घेण्याची मागणी बरेच जण करतात. मला स्वतःला त्याचा उपयोग नाही, हंगामात काटा रविवारीही चालू असतो. पण दुकानातल्या मुलीला, शिक्षिकेला त्याने फार सोपे होईल, म्हणून तीही मागणी मी इथे लिहितो.

परीक्षा हंगामात ठेवू नका, असे मी म्हणणार नाही. हंगाम माझा आहे. शिक्षिकेचा हंगाम मार्चमध्ये असतो, कापड दुकानाचा दिवाळीत आणि लग्नसराईत, एसटीचा आषाढी वारीला. सगळ्यांना सोयीचा महिना सापडणार नाही. कोणताही महिना ठेवा, पण ठरवून ठेवा.

गावोगावच्या मालकांना, कारखान्यांच्या संचालकांनाही एक सांगणे आहे. परीक्षेच्या दिवसापुरती भरपगारी रजा द्यायला फार मोठा खर्च येत नाही. प्रवेशपत्राची प्रत आणि हजेरीचा शिक्का पाहून द्या. आमच्या टाइमकीपरनी मला तोंडी सांगितले आहे की तारीख वेळेवर आणलीस तर मी बघतो. पुष्कळ ठिकाणी अशी समजूतदार माणसे आहेत. त्यांच्या हातात आधी तारीख तर पडली पाहिजे.

कारखान्याचे पाळीपत्रक बॉयलर पेटायच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्याला लागते. आबा या हंगामानंतर निवृत्तीचा विचार करत आहेत. मागच्या आठवड्यात ते चहाला घरी आले होते. मुलीने त्यांना सांख्यिकीच्या पावत्यांचा गठ्ठा दाखवला. तो हातात धरून त्यांनी विचारले, "यंदा पेपर कधी आहे? आताच सांग, म्हणजे मी त्या आठवड्याला तुझ्यासाठी रात्रपाळी सोडतो." मला त्यांना अजून तारीख सांगता आलेली नाही.

आपला,
एक नोकरदार विद्यार्थी
जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)